नववी सूचना : माननीय पोलीस आयुक्तांना खुले पत्र

माननीय पोलीस आयुक्त यांस,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फाटकावर आपल्या कार्यालयाचा फ्लेक्स लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी जाताना काय काळजी घ्यावी, याच्या आठ सूचना त्यावर आहेत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. शेजाऱ्यांना सांगून जा. दूध आणि पेपर बंद करा. एखादा दिवा चालू ठेवा. प्रवासाचे फोटो लगेच सगळीकडे टाकू नका. आठही सूचना बरोबर आहेत. भाजीची पिशवी हातात घेऊन मी तो फ्लेक्स दोनदा वाचला, कारण मला नववी सूचना हवी होती. एवढं सगळं करूनही घर फुटलंच, तर दार उघडं दिसल्यापासून पुढच्या तासाभरात माणसानं काय करायचं? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आमचं घर गेल्या दिवाळीत फुटलं. भाऊबीजेसाठी आम्ही वाईला माझ्या माहेरी गेलो होतो. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्याही सोबत होत्या. लक्ष्मीपूजनासाठी लॉकरमधून आणलेले दागिने घरातच राहिले होते, कारण पुढे बँकेला सुट्ट्या होत्या. सकाळी साडेसहाला समोरच्या काकूंचा फोन आला, "तुमचा कोयंडा लोंबतोय गं." अकरा वाजता पोचलो तेव्हा कोयंडा खरंच एका स्क्रूवर लोंबत होता आणि चौकटीचं लाकूड कटावणीनं सोललेलं होतं. आत जिन्यातली पाचसहा माणसं आधीच जाऊन आली होती. सगळी आपुलकीनं आली होती. कपाटाचं दार कुणी ढकलून पाहिलं होतं, कुणी पंखा लावला होता.

चोरांनी देवघरही सोडलं नव्हतं. आमच्या घरात खंडोबा, भवानी आणि जोतिबाचे चांदीचे टाक आहेत. आहेत असंच अजून तोंडात येतं. सासूबाईंच्या सासऱ्यांच्या वेळचे ते टाक, चांदीच्या ताम्हणासकट गेले. कुंकवाचा करंडा उलटला होता आणि देवघरासमोरच्या फरशीवर पसरलेल्या कुंकवात बुटाचा अर्धा ठसा उमटला होता. पुढचा भाग, तळव्यावरच्या आडव्या रेषा एकेक मोजता याव्यात इतका स्वच्छ. सासूबाई तो ठसा बघून खाली बसल्या. "देवासमोर बूट घातलाय गं त्यांनी," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. त्यांचं ते बोलणं मला ऐकवेना. मी ओलं फडकं घेतलं आणि फरशी पुसली.

आयुक्तसाहेब, त्या वेळी ११२ ला फोन करून वीस मिनिटं झाली होती. फोन घेणारी बाई सौजन्यानं बोलली. पत्ता, मजला, खूण, सगळं विचारलं. फक्त "घरात कशालाही हात लावू नका, सगळे बाहेर थांबा" एवढं एक वाक्य तिनं सांगितलं नाही. नंतर आलेल्या अंमलदारांनीही सांगितलं नाही. तेही माझ्यासमोर कपाटाची मूठ उघड्या हातानं धरून आत डोकावले. ठसेतज्ज्ञ आले दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. त्यांनी काळी पूड मारली, चार ठिकाणी ठसे उचलले. त्यातले बहुतेक आमचेच आणि शेजाऱ्यांचे असणार, असं तेच म्हणाले. देवघराजवळ वाकून त्यांनी विचारलं, "इथं काही होतं का?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. "ताई, तेवढं एक राहिलं असतं तर," इतकं म्हणाले आणि वही मिटली.

ती फरशी मी पुसली, हे ओझं माझंच आहे आणि ते मी कुणावर टाकत नाही. पण ज्या देशात १८९७ साली कोलकात्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं आणि ज्या राज्याच्या पोलिसांकडे आज ठसे संगणकावर क्षणात जुळवणारी अ‍ॅम्बिस यंत्रणा आहे, तिथे ठसा शाबूत ठेवायला सांगणारं एक वाक्य फिर्यादीपर्यंत पोचत नाही, हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सर्वांना वाचता यावं म्हणून खुलं.

आता माझ्या तक्रारी सांगते. कोणत्या पोलीस ठाण्याचं किंवा अधिकाऱ्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. गेले काही महिने ज्यांच्या घरी चोरी झाली अशा लोकांशी मी बोलते आहे, आणि ठाणं बदललं तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

पहिली तक्रार गुन्हा नोंदवण्याची. त्या दिवशी आमच्याकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, त्यावर शिक्का मारला आणि "साहेब बंदोबस्तावरून आले की बघू" असं सांगितलं. गुन्हा दाखल झाला तिसऱ्या दिवशी. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ सालीच सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे, पण ती तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी, तीही वरिष्ठांच्या परवानगीनं आणि १४ दिवसांत. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि रात्री घर फोडून चोरी केली तर कलम ३३१ खाली १४ वर्षांपर्यंत. म्हणजे घरफोडीला ही मुभा लागूच होत नाही. मग अर्ज कशासाठी? त्याच कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात, हद्द न बघता, फिर्याद देता येते. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते, आणि प्रत फुकट मिळाली पाहिजे. यातलं एकही वाक्य ठाण्याच्या भिंतीवर लिहिलेलं मला दिसलं नाही. मी शिक्षिका आहे, शोधून वाचू शकले. आमच्या मागच्या वस्तीत ज्यांची चार भांडी आणि मुलीच्या लग्नाचे साठवलेले पैसे गेले, त्यांनी ते कुठे वाचायचं?

दुसरी, किमतीची. सासूबाईंच्या पाटल्या चार तोळ्यांच्या, १९८७ साली घडवलेल्या. सुदैवानं पावती होती, पिवळी पडलेली, सराफाच्या निळ्या शाईतली. आम्ही ती अभिमानानं पुढे केली. फिर्यादीत त्या पाटल्यांची किंमत पावतीवरची लिहिली गेली, बारा हजार रुपये. आज चार तोळे सोन्याला काय पडतं ते आपण जाणता. चौकशी केली तर "खरेदीची किंमतच लिहायची असते" असं उत्तर मिळालं. अशानं कागदावर आमची चोरी किरकोळ झाली. किरकोळ चोरीच्या तपासाला कोण धावणार, विमा असेल तर दाव्यावर काय परिणाम होणार, आणि शहरात वर्षभरात किती ऐवज गेला याचा जो आकडा जाहीर होतो तो कितपत खरा मानायचा? वजन लिहा, खरेदीची किंमत लिहा आणि त्या दिवसाची बाजारकिंमतही लिहा. तीन रकाने पुरतात.

याच ओघात आणखी एक. लेकीचा गोफ नवा होता. २०२१ पासून हॉलमार्कसोबत दागिन्यावर अक्षर आणि अंक मिळून सहा खुणांचा क्रमांक कोरलेला असतो, तसा त्यावर होता आणि पावतीवरही छापलेला होता. दागिना ओळखायची याहून पक्की खूण नाही. तो क्रमांक आम्हाला कुणी विचारला नाही. मी सांगितला तर "वर्णनात आलंय सगळं" म्हणाले. वर्णनात आलं होतं, "एक सोनसाखळी". तीन दिवसांनी माळ्यावरची पेटी उघडली तेव्हा कळलं, लेकीच्या बारशाचे चांदीचे वाळेही गेलेत. धावत ठाण्यात गेले तर "फिर्याद झाली आता, त्यात बदल होत नाही." फिर्याद बदलायची नसतेच. पुरवणी जबाब घ्यायचा असतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली. घर फुटलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सगळं आठवत नाही. मला तर त्या दिवशी स्वतःचा पिनकोडही चटकन सांगता आला नव्हता.

तिसरी तक्रार कॅमेऱ्याची. सोसायटीच्या फाटकावर आणि जिन्यात कॅमेरे आहेत. सेक्रेटरींनी सांगितलं, चित्रण हवं असेल तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांचं पत्र आलं बाराव्या दिवशी. आमच्या यंत्रात सात दिवसांचंच साठतं, मग जुन्यावर नवं चढतं. जे चित्रण त्या सकाळी दहा मिनिटांत पेन ड्राइव्हवर उतरवता आलं असतं, ते गेलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागतं, हेही सेक्रेटरींना कुणी सांगितलेलं नव्हतं. पंचनाम्याला येणाऱ्या अंमलदाराच्या हातात त्या पत्राचा छापील नमुना असता तर?

चौथी तक्रार माझी नाही, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची आहे, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते.

पंचनामा संपायच्या आत पहिला प्रश्न आला, "कामाला कोण येतं?" मावशी नऊ वर्षं आमच्याकडे येतात. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. दार किल्लीनं उघडलेलं नव्हतं, कटावणीनं फोडलेलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. तरी मावशींना दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. सकाळी दहाला गेल्या, पाचला सुटल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, हेही लिहिते, कारण मावशींनी तसं सांगितलं. नुसतं बाकावर बसवून ठेवलं. डबा नेला होता, तो तसाच परत आणला. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ स्पष्ट सांगतं की साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. आधीच्या कायद्यात कलम १६० मध्ये हेच होतं. म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही, कुणाला माहीत नव्हती असं नाही.

त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीला ठरवून मोकळं होता आलं. मावशींची आणखी दोन घरं सुटली. कारण कुणीच सांगितलं नाही. एकीकडे "आम्ही आता मशीन घेतलंय" आणि दुसरीकडे "सध्या नको". आठवड्यानं त्या आमच्याकडे आल्या, ओट्यावर आमची किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, ही ठेवा तुमच्याकडं. आता माझ्याजवळ नको." मी खूप समजावलं. किल्ली त्यांनी परत घेतली नाही. आमचे टाक गेले, तो ऐवज मोजता येतो. मावशींचं जे गेलं ते कोणत्या फिर्यादीत लिहायचं, मला सांगा.

पाचवी, कळवण्याची. त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं आहे. आम्हाला फोन नाही, मेसेज नाही. मी स्वतः चार वेळा गेले. तपासी अंमलदार दोनदा बदलले होते; प्रत्येक वेळी कोयंड्यापासून सुरुवात करावी लागली. "सापडलं की कळवू" हे उत्तर मी समजू शकते. पण काय केलं, कोणत्या सराफांना यादी दिली, ठसे कुणाशी ताडून पाहिले, हे सांगायला चोर सापडावा लागत नाही. ठसा मिळत नाही, चित्रण नाही, मग एक दिवस गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही असा ए समरीचा कागद येईल आणि फाइल बंद होईल, अशी भीती वाटते.

आणि सापडलं तरी काय, याचाही अनुभव घरात आहे. माझ्या मावसभावाचे चोरीला गेलेले दागिने चार महिन्यांत मिळाले आणि ते हातात पडायला दोन वर्षं लागली. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलं होतं की सोन्यासारख्या वस्तूंचा पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि परत द्या. पंधरा दिवस ते महिना यापेक्षा जास्त त्या ठाण्यात ठेवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर न्यायालयापुढे मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू, आल्यापासून १४ दिवसांत यादी आणि त्यानंतर ३० दिवसांत आदेश, असं वेळापत्रकच दिलं आहे. आपलं खातं वर्षातून कधीतरी सभागृहात मुद्देमाल परत करण्याचा कार्यक्रम घेतं. आज्जींच्या हातात मंगळसूत्र देतानाचे ते फोटो पाहून मलाही बरं वाटतं. पण ज्याची वस्तू आहे त्याला कार्यक्रमाची वाट पाहायला लावू नये.

आपल्याकडे माणसं कमी आहेत, हे मला दिसतं. पंचनाम्याला आलेले अंमलदार सलग दोन रात्री दिवाळीच्या बंदोबस्तावर होते. लिहिताना त्यांचे डोळे मिटत होते. सासूबाईंना पाण्याचा पेला त्यांनीच आणून दिला. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं कलम १७६ नं बंधनकारक केलं आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, हेही मी वाचलं आहे. पण मी जे मागते आहे त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना माणसं लागत नाहीत.

माझ्या मागण्या अशा :

१. ११२ वर घरफोडीचा फोन आला की पत्त्यानंतरचं पुढचं वाक्य ठरलेलं असावं : घराबाहेर थांबा, कुणाला आत जाऊ देऊ नका, कशालाही हात लावू नका, काही पुसू नका. आत कुणी असण्याची शंका असेल तर दूर थांबा.

२. पंचनाम्याला येणाऱ्या अंमलदारानं एक छापील मराठी कागद फिर्यादीच्या हातात द्यावा. काय काय तपासायचं ते त्यावर असावं : चेकबुक आणि कार्डं गेली असतील तर बँकेला लगेच कळवणं, आधारची बायोमेट्रिक ओळख बंद करणं, पासपोर्ट आणि घराची कागदपत्रं जागेवर आहेत का ते पाहणं, गाडीची जादा किल्ली, सगळी कुलपं बदलणं, दागिन्यांचे फोटो लग्नाच्या अल्बममधून काढणं, पावत्या आणि हॉलमार्कचे क्रमांक, विमा असेल तर कंपनीला कळवणं. नंतर आठवलेल्या वस्तूंसाठी पुरवणी जबाब देता येतो, हे ठळक अक्षरात.

३. घरफोडीत अर्ज घेऊन पाठवणं बंद व्हावं. फिर्याद त्याच दिवशी, प्रत त्याच दिवशी, आणि दागिन्याचं वजन व चालू बाजारकिंमत त्यात असावी.

४. सोसायटीला चित्रण जपून ठेवण्याचं पत्र पंचनाम्याच्या वेळीच द्यावं.

५. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे जबाब त्यांच्या घरी, कायद्यात आहे तसेच घ्यावेत. ज्यांच्याविरुद्ध काही निघालं नाही त्यांना तसं लेखी द्यावं. आमच्या मावशींना ते पत्र आपल्या सहीनं मिळावं, ही माझी या पत्रातली पहिली मागणी समजावी, पाचव्या क्रमांकावर लिहिली असली तरी.

६. ९० दिवसांचा तपशील प्रत्येक फिर्यादीला न मागता मिळावा.

दुसऱ्या मागणीतल्या कागदाचा मसुदा मी शाळेतल्या दोन सहकाऱ्यांच्या मदतीनं तयार केला आहे. एका पानात बसतो, अक्षर मोठं आहे, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आला. तो आपल्या कार्यालयात देण्यासाठी मला वेळ द्यावी. शाळा सकाळची असते. दुपारी एकनंतर कोणत्याही दिवशी मी येऊ शकते, मावशींनाही सोबत घेऊन येईन. आपण मसुदा दुरुस्त करून मंजूर केलात तर छपाईचा खर्च आमची सोसायटी करेल, आणि आपल्या फ्लेक्सवर आठव्या सूचनेच्या खाली हातभर जागा मोकळी आहे, तिथे तो लावता येईल.

आपली नम्र,
एक फिर्यादी